केमररमध्ये काय टिकले आणि कशामुळे?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील वायोमिंग राज्यात केमरर नावाचे एक गाव आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २,४१५ भरली. शेजारचे डायमंडव्हिल धरले तरी आकडा तीन हजारांच्या आसपासच राहतो. समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही वर, एका कोरड्या आणि वाऱ्याच्या पठारावर ते वसले आहे. बिल गेट्स यांनी स्थापन केलेल्या टेरापॉवर या कंपनीने जून २०२४ मध्ये या गावाजवळ नव्या पद्धतीच्या अणुवीजप्रकल्पाचे बांधकाम सुरू केले, तेव्हापासून केमररचे नाव जगभरच्या बातम्यांत येत आहे. त्या बातम्यांत गावाची ओळख बहुधा दोनच गोष्टींनी करून दिली जाते. एक म्हणजे हे कोळशाचे गाव आहे, आणि दुसरी म्हणजे ‘जे. सी. पेनी’ या प्रचंड दुकानसाखळीचे पहिले दुकान १९०२ मध्ये येथेच उघडले.

हे वाचून मनात सरळ प्रश्न येतात. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या ग्रामपंचायतीएवढ्या वस्तीत शंभर वर्षांहून जुने दुकान, खुली कोळसाखाण, औष्णिक वीजकेंद्र, जिल्हा न्यायालय आणि आता अणुभट्टी हे सगळे एकत्र कसे आले? आणि आजूबाजूची कित्येक खाणगावे नकाशावरून पुसली गेली असताना हे गाव कसे उरले? उत्तर देताना चिवट माणसे, जुनी मूल्ये, गावावरचे प्रेम असे शब्द सहज वापरले जातात. त्यांत तथ्य नाही असे नाही, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. केमररमधील प्रत्येक जुनी संस्था एका हिशेबावर उभी आहे, आणि तो हिशेब समजला तर अणुभट्टीच्या बातमीचा अर्थही लागतो.

गावात पैसा येतो कुठून?

प्रत्येक गावात दोन प्रकारचे व्यवहार चालतात. न्हावी, शिक्षक, किराणा दुकानदार आणि खाणावळवाला एकमेकांकडून वस्तू आणि सेवा घेतात. हा पैसा गावातल्या गावात फिरतो. परंतु धान्य, कापड, औषधे, यंत्रे, इंधन यांसाठी पैसा सतत बाहेरही जातो. तो भरून काढायला कोणीतरी बाहेरच्या जगाला काही विकून पैसा गावात आणावा लागतो. अर्थशास्त्रात अशा उत्पन्नाला ‘पायाभूत उत्पन्न’ म्हणतात. कोकणाबद्दल ‘मनीऑर्डरवर चालणारी अर्थव्यवस्था’ असे पूर्वी म्हटले जाई, त्यामागची कल्पना हीच आहे. मुंबईच्या गिरणीतला पगार महिन्याच्या महिन्याला पोस्टमनच्या पिशवीतून गावात यायचा आणि त्यावर वाण्याचे, शिंप्याचे, सुताराचे घर चालायचे. गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्याची झळ परळ-लालबागबरोबर त्या वाण्यालाही बसली.

केमररची मनीऑर्डर म्हणजे कोळसा. या भागातून ‘ऑरेगॉन शॉर्ट लाइन’ ही रेल्वे १८८० च्या दशकात गेली. वाफेच्या इंजिनांना कोळसा लागत होता आणि तो रुळांच्या कडेलाच जमिनीखाली होता. १८९७ मध्ये पॅट्रिक क्वीली या आयरिश वंशाच्या खाणउद्योजकाने येथे गाव आखले आणि त्याला पेनसिल्व्हेनियातील आपले भांडवलदार भागीदार महलॉन केमरर यांचे नाव दिले.

त्या वेळी क्वीलीने घेतलेला एक निर्णय पुढच्या सव्वाशे वर्षांवर परिणाम करून गेला. त्या काळी खाणगाव म्हणजे सहसा कंपनीचे गाव असे. घरे, दुकान, दवाखाना, रस्ते अशा सर्व गोष्टींची मालकी कंपनीकडे असे आणि बाहेरच्या माणसाला तेथे हातभर जागाही मिळत नसे. क्वीलीने खाणीला लागून फ्रॉन्टियर नावाची वेगळी कामगारवस्ती ठेवली. केमररमध्ये मात्र मधोमध एक त्रिकोणी उद्यान सोडून त्याभोवतीचे भूखंड खासगी लोकांना खुले केले. गावात स्वतःच्या पैशाने दुकान थाटण्याची सोय झाली ती यामुळे.

कंपनीचे दुकान आणि रोखीचे दुकान

आता पेनीच्या दुकानाकडे वळू, कारण या गावातील सर्वांत बोलके उदाहरण तेच आहे.

पश्चिमेकडच्या खाणगावांत ‘कंपनीचे दुकान’ ही एक पक्की व्यवस्था होती. खाणकामगाराला महिनाभर लागणारा माल या दुकानातून उधारीवर मिळे आणि पगाराच्या दिवशी ती रक्कम पगारातून कापली जाई. बऱ्याच ठिकाणी आगाऊ मजुरी म्हणून रोख रकमेऐवजी कंपनीची स्वतःची चिठ्ठी किंवा टोकन दिले जाई, आणि ते त्याच दुकानात चाले. ऊसतोड मजुराला मुकादमाकडून मिळणारी ‘उचल’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातला फास वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. उचल घेतलेला माणूस वर्षाच्या सुरुवातीलाच देणेकरी असतो, भाव विचारण्याचा त्याचा हक्क तेथेच संपतो आणि दुसरीकडे जाण्याची मुभाही उरत नाही.

जेम्स कॅश पेनी हा मिझुरी राज्यातील तरुण प्रकृतीच्या कारणाने पश्चिमेकडे आला होता. कोलोरॅडोत त्याने चालवलेला मांसाचा धंदा बुडाला होता. पुढे तो कॅलाहन आणि जॉन्सन या दोन व्यापाऱ्यांच्या ‘गोल्डन रूल’ नावाच्या कापडदुकानांत नोकरी करू लागला. त्याची मेहनत पाहून त्यांनी केमररमधील नव्या दुकानात एक तृतीयांश भागीदारी देऊ केली. त्याच्या वाट्याची रक्कम २,००० डॉलर होती. त्यांतील ५०० डॉलर त्याच्या बचतीतले होते आणि १,५०० डॉलर त्याने कर्ज काढून उभे केले. १४ एप्रिल १९०२ रोजी दुकान उघडले. इमारत एका खोलीची होती, संसार वरच्या माळ्यावर होता आणि मालाच्या खोक्यांचेच टेबल-खुर्ची म्हणून काम भागवले जात होते. त्या पहिल्या दिवशी ४६६ डॉलर ५९ सेंट एवढी विक्री झाली.

उधारीवर चालणाऱ्या या गावात पेनीने फक्त रोखीचे दुकान काढले. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपण पाहत आलो आहोत. बहुतेक दुकानांत ती नुसती भिंतीवर असते आणि खाली उधारीची वही असतेच. पेनीने ती पाटी अक्षरशः पाळली, आणि त्यामागचे गणित सरळ होते. उधारी देणारा दुकानदार बुडीत रकमेची भरपाई प्रत्येक वस्तूच्या किमतीत मिसळतो, म्हणजे जो वेळेवर पैसे देतो तोच न देणाऱ्याचा भार उचलतो. शिवाय वसुलीला माणूस, हिशेबाला कारकून आणि अडकलेल्या भांडवलावर व्याज हा खर्च वेगळाच. रोखीच्या दुकानाला यांतले काहीच नसते, त्यामुळे तो स्वस्त विकू शकतो आणि मिळालेल्या रोखीतून लगेच नवा माल भरू शकतो. खाणकामगाराच्या बायकोच्या दृष्टीने मुलाचे बूट कंपनीच्या दुकानापेक्षा कमी पैशांत मिळणे ही मोठी गोष्ट होती. त्यासाठी पगारातली थोडी रोख बाजूला ठेवण्याची सवय घरोघर लागू शकते, यावर पेनीने पैज लावली होती.

या दुकानाला ‘मातृदुकान’ का म्हणतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. केळीच्या बुंध्याशी मुनवे फुटतात आणि ते काढून लावले की नवी बाग उभी राहते, तशी पेनीची पद्धत होती. दुकानाच्या व्यवस्थापकाने एखादा नोकर तयार करावा, दुकानाच्या नफ्यातून नव्या गावात दुकान काढावे आणि त्या तयार झालेल्या माणसाला तेथे भागीदार करावे, अशी ती साखळी. १९०७ मध्ये पेनीने आपल्या दोन्ही भागीदारांचा हिस्सा विकत घेतला, १९१३ मध्ये ‘जे. सी. पेनी कंपनी’ स्थापन झाली आणि १९२९ पर्यंत दुकानांची संख्या सुमारे १,४०० झाली. आयोवा राज्यातील अशाच एका दुकानात १९४० मध्ये सॅम वॉल्टन नावाचा तरुण नोकरीला लागला. पुढे त्यानेच वॉलमार्ट काढले आणि छोट्या गावांतील असंख्य जुन्या दुकानांचे गिऱ्हाईक ओढून नेले. व्यापाराच्या इतिहासात एकाच घराण्यातून जन्म आणि मरण दोन्ही निघावे, याची ही विलक्षण नोंद आहे.

चांगले दुकान चालतेच ना?

येथे वाचक म्हणेल, की मग गुपित उघड झाले. प्रामाणिक भाव, रोखीचा व्यवहार आणि माणसांवर विश्वास असेल तर दुकान शंभर वर्षे चालते. मला हे पूर्णतः पटत नाही, आणि त्याचे कारण कंबरलँड हे गाव आहे.

केमररच्या दक्षिणेला, युनियन पॅसिफिक रेल्वेच्या खाणकंपनीने १९०१ च्या सुमारास कंबरलँड वसवले. पेनीने सुरुवातीच्या काळात ज्या तीन दुकानांत भागीदारी केली, त्यांत केमरर आणि रॉक स्प्रिंग्जबरोबर कंबरलँडचेही दुकान होते. मालक तोच होता, नियमही तेच होते आणि मालसुद्धा तोच होता. १९३० मध्ये तेथील खाणी बंद झाल्या आणि गाव संपले. आज तेथे मुख्यतः दफनभूमी उरली आहे. जे गाव संपूर्णपणे एकाच कंपनीचे होते, ते कंपनीबरोबर गेले आणि दुकानाच्या गुणांनी त्याला वाचवता आले नाही. म्हणून एखादे जुने दुकान पाहून ‘किती छान टिकवले आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या कौतुकातला निम्मा वाटा दुकानाबाहेरच्या पगारपत्रकाला द्यायला हवा.

कोळशाचे दोन जन्म

केमररचे पगारपत्रक अखंड चालू राहिले, असेही नाही. त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. १४ ऑगस्ट १९२३ रोजी फ्रॉन्टियरच्या पहिल्या क्रमांकाच्या खाणीत स्फोट झाला आणि ९९ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतील अनेक जण युरोपातून आणि जपानमधून पोटासाठी आलेले होते. एवढ्याशा वस्तीत एका दिवसात ९९ घरांवर कुऱ्हाड कोसळणे म्हणजे काय असेल, हे आकड्यावरून कळत नाही. पण या भागाच्या सामूहिक आठवणीत तो दिवस आजही वेगळा काढलेला आहे.

त्यानंतर दुसरा आघात तंत्रज्ञानाचा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर रेल्वेने वाफेची इंजिने सोडून डिझेल इंजिने घेतली आणि कोळशाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक काही वर्षांतच नाहीसे झाले. वायोमिंगमधील अनेक खाणवस्त्या याच काळात ओस पडल्या. केमररला नवे गिऱ्हाईक मिळाले ते विजेच्या रूपाने. १९६३ मध्ये गावाजवळ नॉटन औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला, १९६८ मध्ये दुसरा आणि १९७१ मध्ये तिसरा. खाण आणि वीजकेंद्र अगदी शेजारी असल्याने कोळसा आगगाडीने पाठवावा लागत नाही, तो सरकत्या पट्ट्यावरून थेट केंद्रात जातो. चंद्रपूरच्या वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही.

यात एक सूक्ष्म फरक आहे. पूर्वी गाव कोळसा विकत होते. आता ते वीज विकू लागले, आणि वीज विकायला उच्चदाबाच्या वाहिन्या, पाण्याचा साठा, पाणी वापरण्याचा कायदेशीर हक्क आणि यंत्रे चालवणारी प्रशिक्षित माणसे लागतात. हे सर्व एकदा उभे राहिले की कोळसा संपला किंवा नकोसा झाला तरी ते जागेवरच राहते. पुढच्या कथेची गुरुकिल्ली येथे आहे.

कोर्टकचेरी आणि कर

दुकान आणि खाण यांच्यापेक्षा कमी चर्चा होणारी, पण तितकीच महत्त्वाची संस्था म्हणजे जिल्ह्याचे ठाणे. १९११ च्या कायद्याने लिंकन हा नवा जिल्हा निर्माण झाला आणि केमरर त्याचे मुख्य ठिकाण झाले. न्यायालय, जमिनीची नोंदणी, करवसुली, पोलीस यांचे पगार यामुळे गावात येत राहतात, आणि कोळशाचा भाव पडला म्हणून न्यायालय बंद होत नाही. तालुक्याचे ठिकाण आपल्या गावाला मिळावे म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षे आंदोलने का होतात, याचे कारणही हेच आहे.

कराची रचनाही लक्षात घ्यायला हवी. वायोमिंगमध्ये व्यक्तीच्या पगारावर राज्याचा आयकर नाही. त्याऐवजी जमिनीतून काढलेल्या खनिजावर राज्य कर घेते, आणि जिल्हाही त्याच खनिजाच्या मूल्यावर आपला कर बसवतो. या पैशातला काही भाग भावी पिढ्यांसाठी कायमच्या निधीत ठेवण्याची तरतूद राज्याने १९७० च्या दशकात राज्यघटनेतच करून ठेवली, ही दूरदृष्टी दाद देण्यासारखी आहे. मात्र याचा उलटा परिणाम असा, की शाळा, दवाखाना आणि रस्ते हे सारे खाणीच्या उत्पादनाला बांधलेले राहतात. खाण मंदावली की खाणकामगाराच्या आधी शाळेच्या अंदाजपत्रकाला ठेच लागते.

दिवाळखोरी म्हणजे बंद पडणे नव्हे

केमररच्या दोन मोठ्या मालकांनी अलीकडे दिवाळखोरी जाहीर केली. खाणीची मालक असलेल्या वेस्टमोरलँड कोल कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि जे. सी. पेनीने मे २०२० मध्ये. दोन्ही प्रकरणे दक्षिण टेक्सासच्या न्यायालयात चालली. गावाच्या सर्वांत जुन्या दुकानाचे आणि सर्वांत मोठ्या खाणीचे भवितव्य दुसऱ्याच राज्यातल्या एकाच न्यायालयात ठरावे, यावरून मालकी गावापासून किती दूर गेली होती याची कल्पना येते.

अमेरिकेतील मोठ्या कंपन्या ज्या प्रकारची दिवाळखोरी जाहीर करतात, तिचा हेतू धंदा मोडण्याऐवजी देणी नव्याने ठरवण्याचा असतो. घरावर कर्जाचा डोंगर झाला की घर विकून देणी भागवणे हा एक मार्ग, आणि सावकारांना एकत्र बसवून ‘एवढे घ्या, उरलेले सोडा, म्हणजे शेत चालू ठेवता येईल’ असे ठरवणे हा दुसरा. येथे न्यायालयाच्या देखरेखीखाली दुसरा मार्ग घेतला जातो. धंदा म्हणूनच चालू राहतो, पण कोणाचे तरी येणे बुडते.

कोणाचे बुडते, हा खरा प्रश्न आहे. वेस्टमोरलँडच्या प्रकरणात न्यायालयाने कंपनीला केमररमधील कामगार संघटनेशी केलेल्या करारातून आणि निवृत्त कामगारांच्या आरोग्यखर्चाच्या जबाबदारीतून मोकळे होऊ दिले. २०१९ मध्ये खाण नव्या मालकाकडे गेली आणि कोळसा निघत राहिला. बाहेरून पाहणाऱ्याला खाण ‘वाचली’ असे दिसते. परंतु तीस-तीस वर्षे खाणीत राबून म्हातारपणाच्या औषधोपचाराचे आश्वासन मिळवलेल्या माणसांपुरता विचार केला, तर त्यांची संस्था तेथेच मोडली. एखादी जुनी संस्था टिकली असे म्हणताना तिचे नाव टिकले, जागा टिकली की तिने दिलेला शब्द टिकला, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे असे मला वाटते.

पेनीच्या दिवाळखोरीत देशभरची अनेक दुकाने बंद झाली आणि कंपनी दोन मोठ्या मालमत्ता-कंपन्यांच्या हाती गेली. केमररचे मातृदुकान मात्र त्या छाटणीतून वाचले. १९७१ मध्ये पेनीचे निधन झाले, त्यानंतर अर्धशतक ते दुकान उभे राहण्यात त्याच्या नावाचे आणि पर्यटकांच्या कुतूहलाचे मोल निश्चितच आहे. गावाच्या बाजाराला अंतराचाही थोडा आडोसा मिळतो, कारण त्याहून मोठे गाव म्हणजे इव्हान्स्टन, आणि तेही सुमारे ८० किलोमीटरवर. देशाला आडवा छेद देणारा ‘यूएस ३०’ हा जुना महामार्ग केमररमधून जातो, पण नंतरचा मोठा द्रुतमार्ग इव्हान्स्टनवरून काढला गेला. त्याने वर्दळ नेली. तरी मोठी दुकानेही त्यामुळे दूरच राहिली.

अणुभट्टी येथेच का?

आता मूळ बातमीकडे येऊ. नॉटन केंद्रातील तिसऱ्या संचात कोळसा जाळणे २०१९ मध्ये थांबले आणि तो पुढे नैसर्गिक वायूवर चालवण्यात आला. वायूची मोठी केंद्रे जवळच ओपल येथे आहेत. उरलेले दोन संचही कोळशावरून वायूवर नेण्याचा आराखडा वीजकंपनीने जाहीर केला. खाणीचे मुख्य गिऱ्हाईक जाणार, हे स्पष्ट झाले होते. अशा वेळी टेरापॉवरने वायोमिंगमधील चार कोळसागावांचा विचार करून नोव्हेंबर २०२१ मध्ये केमररची निवड केली. वाहिन्या तयार, पाणी उपलब्ध आणि टर्बाइन, पंप, विजेची उपकरणे हाताळणारी माणसे तेथेच राहणारी. जुन्या वाड्याच्या जोत्यावर नवे घर बांधावे, तसे हे आहे.

प्रकल्पाचे नाव नेट्रियम असे आहे. आजच्या बहुतेक अणुभट्ट्यांत उष्णता वाहून नेण्यासाठी पाणी वापरतात. तीनशे अंशांवरही पाण्याची वाफ होऊ नये म्हणून ते प्रचंड दाबाखाली ठेवावे लागते. भट्टीचे ते जाड पोलादी पात्र म्हणजे महाकाय प्रेशर कुकर होय. नेट्रियममध्ये पाण्याऐवजी वितळलेला सोडियम धातू वापरायचा आहे. तो सुमारे ९८ अंशांना वितळतो आणि उकळायला त्याला ८८० अंशांहून अधिक तापमान लागते, त्यामुळे दाबाची गरज उरत नाही. कुकरऐवजी उघडी कढई म्हणता येईल.

दुसरे वैशिष्ट्य साठवणुकीचे. भट्टी ३४५ मेगावॉट या ठराविक गतीने चालत राहणार आणि तिची उष्णता वितळलेल्या क्षाराच्या टाक्यांत साठवता येणार. संध्याकाळी मागणी वाढली की साठा सोडून पाच तासांहून अधिक काळ ५०० मेगावॉटपर्यंत वीज देता येईल, अशी आखणी आहे. नळाला दिवसभर बारीक धार असली तरी गच्चीवरची टाकी भरून ठेवली म्हणजे सकाळच्या घाईत सगळ्यांचे भागते, तसेच हे. वायोमिंगमध्ये पवनऊर्जा वाढत असल्याने, वारा पडला की वीज वाढवणारे केंद्र हवे असते.

‘सोडियम तर पाण्यात पेट घेतो’

हा आक्षेप रास्त आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत सोडियमचा तुकडा घासलेटात बुडवून का ठेवतात, हे आपण शिकलो आहोत. जपानमधील मोन्जू अणुभट्टीत १९९५ मध्ये सोडियम गळून आग लागली होती आणि ती भट्टी पुढे कधीच नीट चालू शकली नाही. दुसरीकडे, केमररच्या शेजारच्या आयडाहो राज्यात सोडियमवर चालणारी एक प्रायोगिक भट्टी १९६४ पासून १९९४ पर्यंत तीस वर्षे चालली. भारताचाही या विषयाशी थेट संबंध आहे. कल्पाक्कम येथे सोडियमने थंड होणारी प्रायोगिक भट्टी १९८५ पासून आहे, आणि तेथेच ५०० मेगावॉटची मोठी भट्टी उभारताना किती वर्षे लागली, हे आपण पाहिले आहे. या सगळ्या अनुभवांवरून असे म्हणता येते, की तंत्र शक्य आहे, पण नाजूक आहे आणि वेळापत्रक पाळणारे नाही.

केमररलाही याचा अनुभव आला. या भट्टीला लागणाऱ्या इंधनात विखंडन होणाऱ्या युरेनियमचे प्रमाण नेहमीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त, मात्र वीस टक्क्यांपेक्षा कमी असावे लागते, आणि असे इंधन व्यापारी तत्त्वावर पुरवणारा देश रशियाच होता. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर तो मार्ग बंद झाला आणि प्रकल्प किमान दोन वर्षे मागे ढकलला गेला. त्यानंतर २०३० हे लक्ष्य ठरले. एका खाणगावाचे भवितव्य हजारो मैलांवरच्या युद्धाला असे बांधले गेले.

‘अडीच हजार लोकांसाठी एवढा खर्च?’

प्रकल्पाचा सुरुवातीचा अंदाज सुमारे ४ अब्ज डॉलर होता आणि त्यातला निम्म्यापर्यंतचा भार अमेरिकी केंद्र सरकार उचलणार होते. हा पैसा गावाच्या विजेसाठी नाही, वीज अनेक राज्यांत पसरलेल्या जाळ्यात जाणार आहे. गाव येथेही पूर्वीसारखेच बाहेरच्या जगाला ऊर्जा विकणार आहे. गिऱ्हाईक रेल्वे होती, मग वीजकंपनी झाली, आता इंधन बदलणार.

‘मग सगळ्या कोळसा-कामगारांना तेथे काम मिळेल का?’ या प्रश्नाचे उत्तर सावधपणे द्यावे लागते. बांधकामाच्या भरात सुमारे १,६०० कामगार लागतील आणि नंतर कायमच्या नोकऱ्या सुमारे २५० असतील, असे कंपनीचे म्हणणे आहे. वीजकेंद्रातील तंत्रज्ञाचे कौशल्य अणुवीजकेंद्रात पुष्कळसे उपयोगी पडते, परंतु खाणीतला अवजड डंपर चालवणारा माणूस तेथे आपोआप बसत नाही. शिवाय अडीच हजारांच्या गावात दीड हजार बांधकाम-कामगार आले की घरभाडे चढते, दवाखाना आणि शाळा अपुऱ्या पडतात, आणि काम संपताच ते सगळे निघून जातात. वायोमिंगने हे चढउतार वारंवार सोसले आहेत. १९७० च्या दशकात कोळशाच्या भरभराटीने जिलेट या गावात व्यसन, घरगुती कलह आणि नैराश्य इतके वाढले, की अशा भरभराटीच्या दुष्परिणामांना त्या गावाचेच नाव पडले. केमररमध्ये नवी घरे, सांडपाण्याची व्यवस्था आणि रस्ते यांचा विचार आधी होतो की नंतर, यावर खूप काही अवलंबून आहे, आणि हे काम दूरच्या कंपनीपेक्षा गावच्या नगरपरिषदेच्या आणि जिल्ह्याच्या हातात अधिक आहे.

काय कायम राहणार?

गावाच्या पश्चिमेला काही मैलांवर फॉसिल ब्यूट ही टेकडी आहे. सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी तेथे सरोवर होते आणि त्याच्या तळाच्या चिखलात मासे, कासवे, वटवाघळे यांचे अवशेष अपूर्व स्पष्टतेने दगडात उमटून राहिले. १९७२ मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारक झाली. परिसरातील खासगी खाणींतून निघणारे माशांचे जीवाश्म हादेखील येथे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा छोटा व्यवसाय आहे. त्यात कोळशाएवढा पैसा नाही, पण या गिऱ्हाइकाने इंधन बदलण्याचा प्रश्न येत नाही.

दुसरी कायमची गोष्ट अणुभट्टीबरोबर येणार आहे आणि तिच्याबद्दल गावात मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. अमेरिकेत वापरून झालेले अणुइंधन कायमचे पुरण्याची जागा आजही नाही. १९८२ च्या कायद्याने ती जबाबदारी केंद्र सरकारने घेतली, नेव्हाडातील यक्का पर्वत त्यासाठी निवडला, आणि पुढे ते काम राजकीय विरोधात थांबले. त्यामुळे देशभरातील केंद्रे आपले वापरलेले इंधन पोलाद आणि काँक्रीटच्या पात्रांत घालून आपल्याच आवारात ठेवतात. तशी जागा मिळेपर्यंत केमररचे इंधनही केमररमध्येच राहील, मग तोवर भट्टीचा मालक कोणीही असो.